मॉरिशसचे विद्यापीठ आणि मातृभाषेचा रकाना

परदेशात शिकायला जाण्याचा विषय आपल्या घरांत निघाला की नजर लंडन-अमेरिकेकडे वळते आणि पैशाचा हिशेब झाला की आखाताकडे. मॉरिशस हे नाव त्या यादीत येत नाही. मॉरिशस म्हणजे नवविवाहितांच्या सहलीचे ठिकाण, निळे पाणी आणि हिंदी सिनेमातली गाणी, एवढीच आपली ओळख. त्या बेटावर एक विद्यापीठ आहे, त्याच्या शेजारच्या संस्थेत मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांच्या पदव्या एकाच छपराखाली मिळतात, आणि तिथल्या मुसलमानांनी "आमची मातृभाषा कोणती?" या प्रश्नावर गेल्या दीडशे वर्षांत बरीच वळणे घेतली आहेत, हे आपल्याला फारसे ठाऊक नसते. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हापासून आपण हाच प्रश्न स्वतःला विचारत आलो आहोत. म्हणून या विद्यापीठाचा इतिहास सांगावासा वाटला.

बेट लहान आहे. देशाचे एकूण क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचा पाव भाग. देशाची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. त्यात निम्म्याच्या जवळपास हिंदू, एक तृतीयांश ख्रिस्ती आणि सतरा-अठरा टक्के मुसलमान. पण या टक्केवारीत एक गोष्ट दिसत नाही. या बेटावर मुळचे रहिवासी कोणीच नव्हते. १५९८ साली डच आले, त्यांनी आपल्या राजपुत्राचे नाव बेटाला दिले, आणि १७१० साली निघून गेले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी ताबा घेतला. त्यांनी मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतून गुलाम आणले, पाँडिचेरीकडून कारागीर आणले. १८१० साली इंग्रजांनी बेट जिंकले, तेव्हा शरणागतीच्या करारात रहिवाशांचा धर्म, कायदे आणि रीतिरिवाज कायम ठेवण्याचे वचन दिले. त्या एका वचनाचा परिणाम आजही विद्यापीठाच्या आवारात ऐकू येतो. राज्य इंग्रजांचे झाले, पण जमीन, साखर आणि वर्तमानपत्रे फ्रेंच बोलणाऱ्यांच्या हातात राहिली. आणि गुलामांनी मालकांच्या फ्रेंचमधून जी आपली बोली घडवली, ती क्रेओल, सगळ्या बेटाची घरची भाषा झाली.

मुसलमान या बेटावर मजुरांच्या आधी पोचले. फ्रेंच अमदानीत पोर्ट लुई बंदरात 'लस्कर' म्हणजे खलाशी मोठ्या संख्येने होते, आणि त्यांच्या वस्तीला 'लस्करांचा तळ' असे नाव होते. कोकणातल्या वाचकाला हा शब्द परका नाही. बोटीवर गेलेला आजा किंवा चुलता नाही असे घर आपल्या खाड्यांच्या काठी शोधावे लागेल. या वस्तीत १८०५ साली बेटावरची पहिली मशीद उभी राहिली. मोहरमच्या मिरवणुकीला तिथे 'यामसे' म्हणतात. "या हुसेन" या हाकेचे ते क्रेओल जिभेवर झालेले रूप आहे. ताबूत तिथेही निघतात, आणि मुसलमान नसलेले लोक तिथेही नवस बोलतात. आपल्याकडे सातारा-सांगलीच्या गावांत जे चालते त्याहून हे फार निराळे नाही. पुढे 'लस्कर' हा शब्द सरसकट सगळ्या मुसलमानांना लावला जाऊ लागला आणि त्यात तुच्छतेचा सूरही आला, ही त्याच इतिहासाची दुसरी बाजू.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' नावाचे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागले. गुलामगिरी संपत होती आणि उसाच्या मळ्यांना हात हवे होते. त्यानंतरच्या पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे करारावर आली. सर्वाधिक कलकत्त्याहून, त्याखालोखाल मद्रासहून, आणि सर्वांत कमी मुंबईहून. ज्या धक्क्याच्या पायऱ्यांवरून ती उतरली तो आप्रवासी घाट २००६ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. १८६१ पर्यंत बेटावरची दोन तृतीयांश माणसे हिंदी होती. मजुरांच्या मागोमाग कच्छी मेमण आणि सुरती व्यापारी आले. त्यांनी धान्य-कापडाच्या पेढ्या घातल्या आणि पोर्ट लुईची जुम्मा मशीद बांधली. त्यामुळे मॉरिशसचा मुसलमान समाज पहिल्यापासून दोन थरांचा राहिला. एका बाजूला पेढीवरचा शेठ, दुसऱ्या बाजूला उसात कोयता चालवणारा बिहारी मजूर. दोघे एका सफेत नमाज पढत, पण त्यांच्या मुलांच्या शाळा, लग्ने आणि पुढचे आयुष्य वेगवेगळे होते. आपल्याकडचे विचारवंत मुस्लीम समाज एकसंध नाही म्हणून घसा कोरडा करतात. मॉरिशस त्याचे छोटे, नीट दिसणारे उदाहरण आहे.

१९०१ साली दक्षिण आफ्रिकेहून हिंदुस्थानला परतताना गांधीजींची बोट या बंदरात थांबली आणि त्यांचा जवळपास तीन आठवडे मुक्काम झाला. त्यांचे स्वागत केले ते पोर्ट लुईच्या मुसलमान व्यापाऱ्यांनी, ताहेर बागेत. गांधीजींचा सल्ला थोडक्यात असा होता की, मुलांना शिकवा आणि राजकारणात भाग घ्या. मुलांना शिकवायचे म्हणजे कुठे, हा प्रश्न मात्र पुढची साठ वर्षे तसाच राहिला. रॉयल कॉलेजातून पहिल्या येणाऱ्या मोजक्या मुलांना विलायतेची शिष्यवृत्ती मिळे. बाकीच्यांनी घरचे दागिने विकावेत, किंवा भावाच्या पगारावर जावे. स्वतंत्र मॉरिशसचे पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम १९२१ साली असेच भावाच्या मदतीने लंडनला वैद्यकी शिकायला गेले ते १९३५ मध्ये परतले. चौदा वर्षे! बेटावर उच्च शिक्षण म्हणून होते ते १९२५ साली सुरू झालेले शेतकी महाविद्यालय, आणि तेही उसाच्या गरजेपुरते. साखर कशी काढावी हे तिथे शिकता येई. उसाचा मळा कुणाचा, हे विचारायला मुलाला परदेशीच जावे लागे.

मॉरिशस विद्यापीठाचा कायदा १९६५ साली झाला, स्वातंत्र्याच्या तीन वर्षे आधी. जागा निवडली ती रेद्वीची. हे नाव अर्थपूर्ण आहे. फ्रेंच गव्हर्नराने १७४८ च्या सुमारास तिथे एक वाडा बांधला, शत्रूने हल्ला केला तर बायका-मुलांना आणि कंपनीच्या मौल्यवान वस्तूंना सुरक्षित ठेवण्यासाठी. रेद्वी म्हणजे आश्रयाचे ठिकाण. तो वाडा पुढे गव्हर्नरांचे आणि १९९२ साली प्रजासत्ताक झाल्यावर राष्ट्रपतींचे निवासस्थान झाला. त्याच्या शेजारी विद्यापीठ आले. सुरुवातीला तीनच शाखा: शेती, प्रशासन आणि औद्योगिक तंत्रज्ञान. जुने शेतकी महाविद्यालय त्यात विलीन झाले. साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान यांना पहिल्या आराखड्यात जागा नव्हती. १९६१ साली ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांनी या बेटाचे आर्थिक भवितव्य अंधारे असल्याचा अहवाल दिला होता. एकच पीक, वाढती लोकसंख्या, कामाला जागा नाही. त्या भीतीच्या छायेत जन्मलेले विद्यापीठ कवी घडवायला निघणार नव्हते. २४ मार्च १९७२ रोजी राणी एलिझाबेथच्या हस्ते त्याचे औपचारिक उद्‌घाटन झाले, म्हणजे वसाहत संपल्यावर चार वर्षांनी. या विसंगतीवर तिथे कुणी फारसे बोलत नाही, पण आपल्याला ती जाणवते.

मधल्या काळात एक जखम झाली होती. जानेवारी १९६८ मध्ये, स्वातंत्र्याला दोन महिने असताना, पोर्ट लुईत मुसलमान आणि क्रेओल टोळ्यांत दंगल पेटली. माणसे मारली गेली, मिश्र वस्त्या रिकाम्या झाल्या. मुसलमान प्लेन व्हर्तच्या बाजूला सरकले, क्रेओल रोश ब्वाच्या बाजूला. ब्रिटिश सैन्य बोलवावे लागले. १२ मार्च १९६८ रोजी झेंडा फडकला तेव्हा ही राख ऊबदार होती. पर्यटनाच्या पुस्तिकांत या बेटाला इंद्रधनुष्य म्हणतात. तिथे शिकायला जाणाऱ्याने ही पुस्तिका अवश्य वाचावी, पण त्या दोन वस्त्यांतून एकदा पायीही फिरावे.

दंगलीनंतर सात वर्षांनी त्याच बेटावरची मुले एकत्र रस्त्यावर आली. २० मे १९७५ चा दिवस मॉरिशसमध्ये अजून आठवला जातो. सरकारी शाळा थोड्या आणि चांगल्या, खासगी कॉलेजे पुष्कळ आणि निकृष्ट, फी मात्र भरपूर. गरिबांची मुले खासगीत, सुस्थितांची सरकारीत. या विषमतेविरुद्ध निरनिराळ्या गावांतल्या कॉलेजांची मुले-मुली राजधानीकडे चालत निघाली. ग्रां रिव्हिएरच्या पुलावर पोलिसांनी त्यांना अडवले, अश्रुधूर सोडला. त्या गर्दीत हिंदू, मुसलमान, क्रेओल, चिनी असे सगळे होते, आणि घोषणा क्रेओलमध्ये होत्या. परिणाम झपाट्याने झाला. त्याच वर्षी मतदानाचे वय अठरावर आणले गेले. डिसेंबर १९७६ च्या निवडणुकीत तरुणांच्या पाठिंब्यावर उभा राहिलेला डावा पक्ष ७० पैकी ३४ जागा जिंकून सर्वांत मोठा ठरला, सत्तेपासून थोडक्यात हुकला. निवडणुकीच्या तोंडावर सरकारने माध्यमिक शिक्षण मोफत करण्याचे जाहीर केले आणि जानेवारी १९७७ पासून ते अंमलातही आले. १९८८ पासून विद्यापीठाची शिकवणी फीही माफ झाली. आपल्याकडच्या विद्यार्थी चळवळींच्या पदरात एवढे रोख फळ क्वचितच पडले असेल.

मुसलमान मुलींना या मोफत शिक्षणाचा लाभ किती झाला याची मोजणी मी करत नाही. एकच नाव सांगतो. अमीना गुरीब-फकीम. जन्म १९५९, सुरिनाम नावाच्या दक्षिणेकडील गावात. रसायनशास्त्र शिकायला इंग्लंडला गेल्या, १९८७ मध्ये एक्झेटरहून डॉक्टरेट घेऊन परतल्या आणि मॉरिशस विद्यापीठात रुजू झाल्या. आजीबाईच्या बटव्यातल्या वनस्पतींचा शास्त्रीय अभ्यास हा त्यांचा विषय. त्या विद्यापीठाच्या पहिल्या महिला प्राध्यापक झाल्या आणि २०१५ मध्ये देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती. प्रयोगशाळेतून निघून शेजारच्या रेद्वीच्या वाड्यात राहायला गेल्या, असेच म्हणायला हवे. एका संस्थेच्या क्रेडिट कार्डाच्या वापरावरून वाद उठला आणि २०१८ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. तोही इतिहासाचा भाग आहे. याच वाड्यातून त्याआधी, २००२ साली, राष्ट्रपती कासम उतीम बाहेर पडले होते. दहशतवादविरोधी विधेयकावर सही करण्यास त्यांनी नकार दिला आणि पद सोडले. ११ सप्टेंबरनंतर जगभर मुसलमान पदाधिकारी आपली निष्ठा सिद्ध करण्याच्या घाईत असताना एका लहान देशाच्या राष्ट्रपतीने घेतलेली ही भूमिका आपल्या मराठी वृत्तपत्रांत किती छापून आली, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

आता भाषेकडे येतो, कारण तिथेच आपले आणि त्यांचे दुखणे एक आहे.

महाराष्ट्रातून तिथे गेलेल्या विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात कळते की या बेटावर प्रत्येक कामाची भाषा ठरलेली आहे. वर्गातले व्याख्यान आणि परीक्षा इंग्रजीत. वर्तमानपत्र फ्रेंचमध्ये. उपाहारगृहात डाळपुरी मागायची ती क्रेओलमध्ये, आणि प्राध्यापकाला समजेना झालेला मुद्दा शेजारच्या मुलाने समजावून सांगायचा तोही क्रेओलमध्ये. संसदेची भाषा राज्यघटनेनुसार इंग्रजी, पण सदस्य फ्रेंचमध्ये बोलू शकतो. आणि या सगळ्यांवर एक आणखी भाषा असते, जी कोणी बोलत नाही पण सर्वांची असते. तिला 'पूर्वजांची भाषा' म्हणतात. हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी, चिनी, अरबी या भाषा शाळांत शिकवल्या जातात त्या या नात्याने. जनगणनेतही अनेकदा दोन प्रश्न असत: घरी काय बोलता, आणि पूर्वज काय बोलत?

बिहारमधून आलेल्या मजुरांची भाषा भोजपुरी होती, हिंदूंची आणि मुसलमानांचीही. पण पूर्वजांची भाषा लिहिण्याची वेळ आली तेव्हा बऱ्याच हिंदूंनी हिंदी लिहिले आणि मुसलमानांनी उर्दू. भोजपुरी पोरकी झाली. मळ्यावर आयांनी ज्या भाषेत अंगाई म्हटली ती भाषा रकान्यात उतरवायला लाज वाटली. पुढे आखाती देशांशी संबंध वाढले, धार्मिक शिक्षणाचा ओघ बदलला, आणि १९८३ च्या जनगणनेत मॉरिशसच्या मुसलमानांनी मोठ्या संख्येने पूर्वजांची भाषा म्हणून अरबी नोंदवली. बिहारच्या गावांतून आलेल्यांचे पूर्वज अरबी बोलत होते काय? उत्तर सर्वांना ठाऊक होते. पण तो रकाना इतिहासाचा राहिला नव्हता, तो प्रतिष्ठेचा झाला होता. त्यात व्यवहारही होता. ज्या भाषेची नोंद, तिचे शिक्षक, तिची पुस्तके, तिचे अनुदान.

हे वाचून हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. बाणकोटी किंवा दालदी बोलणाऱ्या घरांतून, अहमदनगर-लातूरच्या मराठी बोलणाऱ्या मोहल्ल्यांतून, जनगणनेच्या कागदावर "उर्दू" लिहिले जाते तेव्हा आपणही तेच करत असतो. कधी अभिमानाने, कधी शिक्षकाच्या सांगण्यावरून, कधी इतर भाषकांनी "तुमची मराठी कशी काय?" असे विचारून दूर ढकलल्यामुळे. उर्दूवर प्रेम करणे वेगळे आणि आईची बोली नाकारणे वेगळे. मॉरिशसमध्ये हा फरक पुसला गेला.

१९७० साली इंदिरा गांधींनी मोका येथे महात्मा गांधी संस्थेची पायाभरणी केली आणि १९७६ मध्ये त्यांच्याच हस्ते तिचे उद्‌घाटन झाले. विद्यापीठापासून ती जवळच आहे. इथे हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी, संस्कृत शिकवतात, पदवी मॉरिशस विद्यापीठाची मिळते. रत्नागिरी-सावंतवाडीकडून गेलेल्यांच्या वंशजांनी गणेशोत्सव जपला. गणेशचतुर्थीला तिथे सार्वजनिक सुटी असते, जशी ईदला असते. त्यांनी जाखडीही जपली, तिला ते 'झाकरी' म्हणतात. २०२३ मध्ये मोकात शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला. हे सर्व आनंदाचे आहे. पण मराठी म्हणजे हिंदू आणि उर्दू म्हणजे मुसलमान ही विभागणी या रचनेत इतकी पक्की बसली की दोन्ही वर्गांच्या मधल्या भिंतीला खिडकी उरली नाही. मुंबई बंदरातून चढलेल्या जहाजांत मुसलमानही होते. त्यांतला कोणी कोकणी मुसलमान असेल तर त्याचे पणतू आज कुठल्या वर्गात बसणार? धर्माने ते उर्दूकडे जाणार. मराठी मुसलमान नावाचा रकाना तिथे कधी छापलाच गेला नाही.

राज्यघटनेनेही तेच केले. १९६८ च्या घटनेत लोकसंख्येचे चार समाज ठरले: हिंदू, मुसलमान, चिनी-मॉरिशस आणि 'सर्वसाधारण'. निवडणुकीनंतर कमी प्रतिनिधित्व मिळालेल्या समाजांना आठ जादा जागा देण्याची सोय झाली. मुसलमानांना तिचा उपयोग झाला हे मान्य करायला हवे. पण तिचा हिशेब १९७२ च्या जनगणनेवर होत राहिला, कारण त्यानंतर समाज विचारणेच बंद केले गेले. अर्धशतक जुन्या आकड्यांवर जागा वाटल्या जात राहिल्या.

भाषेने या देशात सरकारही पाडले आहे. प्राथमिक शाळेच्या शेवटच्या परीक्षेत पौर्वात्य भाषांचे गुण गुणवत्ता यादीसाठी धरावेत की नाहीत यावर १९९५ साली वाद पेटला. धरले तर क्रेओल मुलांवर अन्याय, न धरले तर हिंदी वंशाच्या मुलांची भाषा कुचकामी. घटनादुरुस्ती फसली, संसद बरखास्त झाली आणि डिसेंबरच्या निवडणुकीत सत्ताधारी पक्षाला साठपैकी एकही जागा मिळाली नाही. ज्या क्रेओलमध्ये हा सगळा वाद गल्लीत चालला होता, ती शाळेत वैकल्पिक विषय म्हणून यायला २०१२ साल उजाडले. आणि आज जुम्म्याच्या खुतब्याआधीचे भाषण अनेक मशिदींत क्रेओलमध्ये होते. उर्दू आणि अरबीच्या भांडणात शेवटी मिंबरजवळ पोचली ती गुलामांची बोली.

गांधी संस्थेत मजुरांच्या नोंदींचे दफ्तर आहे. जाड वह्या, आणि काही काळाच्या नोंदींसोबत छायाचित्रेही. नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, गाव, परगणा, जिल्हा. वंशज येतात, आजोबांच्या कागदावरचा क्रमांक देतात आणि नोंदीची प्रत घेऊन जातात. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मॉरिशसवासीयांना सातव्या पिढीपर्यंत भारताचे परदेशी नागरिकत्व-पत्र देण्याचे जाहीर केल्यापासून या वह्यांचे मोल आणखी वाढले आहे. मुंबईहून आलेल्या जहाजांच्या वह्या धर्माच्या अंगाने नव्हे तर गावांच्या अंगाने कोणी मराठी मुसलमान विद्यार्थ्याने वाचायला घ्याव्यात. रत्नागिरी, राजापूर, दापोली, महाड ही गावे आणि त्यांच्यापुढची मुसलमान नावे यांची यादी अजून कोणी मराठीत छापलेली माझ्या पाहण्यात नाही. प्रबंधाला विषय हवा असणाऱ्यांनी मोकाच्या संस्थेला पत्र लिहावे. कार्यालयाचा व्यवहार इंग्रजीत चालतो.